काकूच्या गाडीत न बसलेले लोक

दीपमाला काकू चूप बसली, अशी गोठ मीनं आजवर एकाच ठिकाणी वाचली, अन थे बी खोटी निघाली.

मोबाईलवर लिहेल होती. 'संपूर्ण प्रवासात चालक महिला एक शब्दही बोलली नाही. अत्यंत गर्विष्ठ.' खाली एकच तारा. बडनेरा स्टेशनच्या ऑटो स्टँडवर ललितदादानं थे मोठ्यानं वाचलं, अन आमी सारे हसून हसून लोटपोट झालो. एक झन म्हणे, "अबे, काकू झोपेत बी बोलत असन. धर्मपालकाकाले विचारा."

काकू मात्र हसली नाही. त्याची गोठ मागून सांगते. आधी काकू कोण थे सांगते, नाहीतं त्या एका वाक्यातली गंमत तुमाले समजनार नाही.

मी दामिनी. नववीत शाया सोडली. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत राहते, स्टेशनवर ई-रिक्षा चालवते. एका जागी बसनं मले जमत नाही, अन काकूबद्दल कोणी वाकडं बोललं तं माहा हात आधी उठते, तोंड मागून. पेपरात नाव यावं असं काकूनं काही केलं नाही, म्हणून तिच्यावर कोणी लिहिनार नाही. मंग मीच लिहून राह्यली.

काकूचा ऑटो तुमी दुरून ओयखाल. आरशाजवय बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्या बाजूले लिंबाची थैली. लिंबं सवाऱ्याइसाठी. ट्रेनमंधून उतरलेली माणसं चक्कर येऊन बसतात, त्याइले देते. सवारी बसली की किल्ली फिरवायच्या आधी काकूचा पहिला सवाल: "जेवली का?" नसन जेवली तं भाषण. असन जेवली तं काय जेवली. भाजीत तेल किती होतं. माय घरी आहे का. कोणाची तू? अमक्याची का? मंग तुही मोठी आई माह्या संग शायेत होती. बडनेऱ्याहून अमरावतीचं राजापेठ येतपर्यंत सवारीचं सारं खानदान उकरून होते.

अन उतरल्यावर काकू निघत नाही. पोरगी घराच्या दारापाशी जाईन, दार आतून उघडन, मंगच ऑटो हलते. गाडगेनगरात एका घरची बेल बिघडेल होती. काकूनं हॉर्न धरून ठेवला. भर दुपारी सारी गल्ली बाहेर आली, एक बुडा तं अर्धी दाढी करेल तसाच आला.

"काकू, जा ना आता! शेजारचे पाहून राह्यले."

"पाहू दे. तू दार उघड."

अशी बाई. पोट्ट्या चिडतात अन पुढच्या टाइमले तिलेच बोलावतात.

काकू आधी ऑटोवाली नव्हती. स्टेशनपाशी मेसचे डबे करे. तिचा नवरा धर्मपालकाका रेल्वेत, ट्रॅकवर कामाले. दिवसभरात चार शब्द बोलनारा माणूस. लोक म्हणतात काकू त्याच्या वाटचं बी बोलते. ऑटोची गोठ पायलपासून सुरू झाली. पायल म्हंजे काकूच्या बहिणीची पोरगी, तेल्हाऱ्याची. नर्सिंगच्या परीक्षेले अकोल्याले आली होती. बस स्टँडवरून तिनं मोबाईलवर गाडी बोलावली. ड्रायव्हरच्या नावापुढे पाचच्या पाच तारे, अन खाली रिव्ह्यूचा ढीग. छान सेवा, उत्तम सेवा, अतिउत्तम सेवा. पोरगी इश्वासानं बसली. मधातच त्या ड्रायव्हरले लांबची सवारी भेटली. त्यानं पायलले बायपासवर उतरवून देल्लं. माथ्यावर ऊन, हातात बॅग. परीक्षेच्या जागी पोचली तं गेट लागेल होतं.

साल गेलं पोरीचं.

ती रडत बडनेऱ्याले मावशीकडे आली. काकू पोया लाटत होती. म्हणे, "दाखव बरं त्याचं पान." पायलनं मोबाईल समोर धरला. काकू लाटता लाटता वाचे अन म्हणे, "सरकव. अजून सरकव." मंग तिनं लाटनं खाली ठेवलं.

"पायल, यातला एक बी माणूस कुठीच गेला नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे अकोट फैलातून बसलो, कौलखेडले उतरलो, असं एकानं तरी लिहिलं का? गाडीत बसलेल्या माणसाले आपलं घर याद राहते बाई. ह्याइले घरच नाही."

पायलनं पुढच्या साली थोच पेपर देल्ला. आता मुर्तिजापूरले दवाखान्यात नर्स आहे. पण काकूच्या डोक्यातून थो बायपास गेला नाही. तिनं घरी सांगितलं, मी ऑटो शिकते. धर्मपालकाका त्या दिवशी एकच शब्द बोलले: "शिक."

तवापासून काकूच्या गाडीत बसनाऱ्या हरेक पोरीले जेवणाच्या भाषणानंतर दुसरं भाषण भेटते. "मी नसन तं दुसऱ्याच्या गाडीत बसशीन ना? मंग आयक. तारे पाहू नको. तारे आभायातच बरे. पाचवाले बी सोड, एकवाले बी सोड. मधातले वाच. दोन-तीन तारे देनारा माणूस बसेल असते. त्याले काही आवडलं असते, काही खटकलं असते. जो बसला त्याले काही ना काही खटकतेच."

मले आधी वाटे, हे बाई उगीच पकवते. मंग एकदा आमाले मैत्रिणी-मैत्रिणीइले चिखलदऱ्याले जायचं होतं. मोबाईलवर दोन गाड्या पाह्यल्या. एकीची तारीफच तारीफ. निसर्गरम्य प्रवास, आरामदायी सीट, नम्र चालक. दुसरीले साडेतीन तारे, अन एकानं लिहेल: 'ड्रायव्हर चिडखोर आहे. घाटात माह्या बायकोले उलटी झाली तं गाडी थांबवून लिंबू देल्लं, अन वरून मलेच शिव्या देल्ल्या का तिले खिडकीपाशी काहून नाही बसवलं.'

काकू म्हणे, "हे उलटीवाली गाडी करा. अन थो तारीफवाला? चिखलदऱ्याच्या घाटातून गेलेला माणूस वयणाचं नाव काढत नाही? थो गेलाच नाही, घरी बसून लिहून राह्यला."

आमी उलटीवाली गाडी केली. ड्रायव्हर खरंच चिडखोर होता. लिंबू बी खरंच होतं.

आता त्या हसण्यावर येते.

आमच्याकडे 'हाक' नावाचं एक ॲप चालते. आपल्याच भागातल्या लोकाइनं काढेल, अकोल्यात त्याचं ऑफिस. पोट्ट्या ट्रेनमंधूनच, मुर्तिजापूर सुटलं की काकूले हाक मारत. काकू गाडी लावून तयार. पण त्या ॲपची एक खोड होती. गाडीत बसेल असो का नसो, कोणीही उठून ड्रायव्हरच्या पानावर रिव्ह्यू लिहू शके. या उन्हाळ्यात एका सकायी काकूच्या पानावर एकदम एक-एक तारेवाल्या रिव्ह्यूचा पाऊस पडला. असभ्य वर्तन. अस्वच्छ वाहन. महिला प्रवाशांनी टाळावे. अन थो गर्विष्ठवाला. दुपारपर्यंत ॲपनं काकूची आयडी बंद केली. नावाखाली लाल पट्टी आली, 'या चालकाबाबत गंभीर तक्रारी आहेत.' अन थे पट्टी साऱ्या दुनियेले दिसे.

सवाऱ्या तं स्टँडवरून बी भेटत. पण खेड्यातले मायबाप पोरीले एकटीले ट्रेनमंधी बसवून देत, थे त्या नावाच्या भरवशावर. बडनेऱ्याले दीपमालाबाई आहे ना, मंग जा. आता त्याच नावाखाली लाल पट्टी.

म्हणून आमी हसलो अन काकू हसली नाही. म्हणे, "हसा, हसा. तिकडे तेल्हाऱ्यात एखाद्या पोरीची माय हेच वाचून राह्यली असन. तिले काय माहीत मी बोलते का नाही?"

मी म्हटलं, "कोणी लिहिलं थे फक्त समजू दे काकू. दात पाडून येते."

"अन पोलीस स्टेशनात तुले डबा कोण आणन? मीच ना? बस खाली."

ललितदादा आमच्या स्टँडचा पुढारी. कोणाचं भांडण, कोणाचं चालान, सारं तोच निस्तरते. तो मिशी पिळत म्हणे, "लोखंड लोखंडानं कापते, काकू."

"म्हंजे काय करनार तू?"

"काही नाही. तुमी फक्त अकोल्याले चला. समोर बसून बोलू."

काकूनं डबा भरला, अन आमी तिघं सकायच्या गाडीनं अकोल्याले निघालो. ट्रेनच्या डब्यात काकूले शेंगा विकनारा भेटला. त्याच्या पोरीचं लग्न कुठी जुळून राह्यलं, हे काकू विचारत बसली. ललितदादानं मले कोपरानं ढोसलं अन गुपचूप मोबाईल दाखवला. काकूच्या पानावर पाच-पाच ताऱ्याइचा नवा ढीग. मी वाचला. 'क्लच एकदम मऊ. गेअर बदलल्याचं समजतच नाही.' 'ब्रेक टाइट. चढावर बी पिकअप सुटत नाही.' 'लय इमानदार, कधी नंबर तोडत नाही.'

"दादा, हे कोणी लिहिलं?"

"सवारीनं."

"कोणत्या?"

"आपल्या स्टँडवरच्या सवारीनं," म्हणे, अन दात काढले. "साऱ्या पोट्ट्याइले कामाले लावलं. काकूले सांगू नको."

मले तं बरंच वाटलं. लबाडाले लबाडीनं मारलं तं त्यात पाप काय? मीनं त्याले टाळी देल्ली.

'हाक'चं ऑफिस गोरक्षण रोडवर, एका दुकानावरतं. आत प्रणाली मॅडम बसेल होती. माह्यापेक्षा चार-पाच सालानंच मोठी असन. डोक्यात पेन खोचेल, समोर थंडा झालेला चा. चांगली बाई, आल्या आल्या खुर्च्या देल्ल्या. म्हणे, "बोला मावशी, काय तक्रार आहे?"

काकूनं चाच्या कपाकडे पाह्यलं. "सकायपासून काही खाल्लं का तुमी?"

"नाही हो, कामच इतकं होतं..."

"उपाशीपोटी चा? थोही थंडा? पोटात जाळ होते मंग, अन लेकी म्हणतात डोकं काहून दुखून राह्यलं. घरी कोण आहे? माय नाही देत डबा?"

ललितदादानं कपाळावर हात मारला. मी खुर्चीतून अर्धी उठली. म्हटलं, "काकू, आपण आयडी उघडायले आलो."

"आयडी पयून जाते का? जेवण पयून जाते." काकूनं डबा उघडला, पोळीत ठेचा घालून गुंडायी केली अन मॅडमच्या हातात देल्ली. मॅडम नाही नाही म्हणता म्हणता खाऊन राह्यली, अन एका हातानं काकूचं पान काढून वाचायले लागली.

"तक्रारी गंभीर आहेत मावशी. असभ्य वर्तन... अस्वच्छ वाहन... संपूर्ण प्रवासात चालक महिला एक शब्दही..."

ती थांबली. काकूकडे पाह्यलं. हातातल्या पोळीकडे पाह्यलं. अन अशी हसली का ठेचा नाकात गेला.

"आयडी तुमचीच आहे ना नक्की?"

"पाणी प्या आधी," काकू म्हणे. "हळू. अं. आता आयका. माह्या गाडीत जो बसला त्यानं माह्या तोंडचं आयकलं. त्याले आवडो का न आवडो. अन ह्याइनं पानभर लिहिलं, पण कोणाले मीनं जेवलं का विचारलं नाही, कोणाच्या दारापाशी हॉर्न वाजवला नाही. हे लोक माह्या गाडीत बसलेच नाही. यात खरी एकच आहे. खाली जा. हे दोन तारेवाली. ह्या पोरीले फोन लावा."

मॅडमनं वाचलं. आकांक्षा नावाच्या पोरीचा रिव्ह्यू होता. 'काकू अति बोलते. मी रडत होती तर कारण विचारलं. सांगितलं नाही तर साईनगर येतपर्यंत स्वतःच अंदाज लावत बसली. घरासमोर हॉर्न वाजवला. आईला सगळं समजलं.'

मॅडमनं फोन स्पीकरवर टाकला अन विचारलं, हा रिव्ह्यू तुमचाच का.

"हाव, माहाच आहे. अन मी काढनार नाही!" पोट्टी तिकडून कडकली. "त्या काकूनं मले काय विचारलं माहीत आहे? मार्क कमी पडले का पोट्टा आहे? मी म्हटलं काही नाही. तं म्हणे, म्हंजे पोट्टा आहे. ऑटोवाल्या बाईनं असं विचारावं का?"

"म्हणजे पुन्हा त्यांच्या गाडीत बसणार नाही तुम्ही?"

"काहून नाही बसनार? परवा बोलावून राह्यली होती, तं बंद दाखवते! दुसऱ्या ऑटोनं गेली, त्यानं चौकातच उतरवलं, सामान घेऊन चालत गेली मी. कवा चालू करता तुमी काकूची गाडी?"

काकूले राहवलं नाही. मोबाईलकडे वाकून म्हणे, "आकांक्षा, जेवली का तू?"

तिकडून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मंग, "काकू, तुमी तिथी बी आहे का? अरे देवा!" अन फोन कट.

मॅडमनं डोये पुसले अन कामाले लागली. एक-एक तारेवाल्या माणसाइचे खाते उघडून पाह्यले. त्याच माणसाइनं त्याच दिवशी कुठी कुठी ड्रायव्हरले शिव्या लिहेल होत्या. सकायी एका जिल्ह्यात, दुपारी दुसऱ्यात. "हे भाड्याचे लोक आहेत मावशी. कोणीतरी पैसे देऊन लिहून घेतलं." कोणी देल्ले, थे मले आजवर समजलं नाही. समजलं असतं तं मी हे लिहीत बसली नसती, त्यालेच भेटायले गेली असती.

मॅडमनं ते सारे रिव्ह्यू उडवले. पान साफ झालं. वरतं राह्यले पाच-पाच तारे. "मावशी, तुम्ही तर आता साऱ्या बडनेऱ्यात वर दिसता. एक बटन दाबते अन चालू करते."

ललितदादानं मले डोया मारला. मी बॅग उचलली. अन काकू मोबाईलपाशी वाकली.

"थांबा. हे कोण?"

"तुमच्या सवाऱ्या," मॅडम म्हणे.

काकूनं बोट ठेवून वाचलं. "क्लच एकदम मऊ." मंग माह्याकडे वयली. "दामे, तू सवारी होऊन बसली तं ड्रायव्हरचा क्लच पाहते का?"

मी पंख्याकडे पाह्यलं.

"नंबर तोडत नाही म्हणे. स्टँडवर कोणाचा ऑटो आधी लागेल, कोणाचा मागून, हे सवारीले माहीत असते? चढावरचं पिकअप? हे मागच्या सीटवरून नाही लिहेल. हे हँडलवरून लिहेल आहे." ती सावकाश फिरली. "ललित."

"काय काकू."

"तू अन तुहे पोट्टे माह्या गाडीत कवा बसले रे?"

"काकू, तुमच्यासाठीच तं..."

मॅडमनं उरलेली पोळी खाली ठेवली. आवाज एकदम बारीक केला. "मावशी, मी हे आयकलं नाही. तुमी बी बोलू नका. ड्रायव्हरच्या बाजूनं खोटे रिव्ह्यू निघाले तं आयडी कायमची जाते, नियमच आहे. मले भाड्याचे सापडले, मी काढले. बात खतम. तुमी फक्त हाव म्हणा." एवढा टाइम शुद्ध बोलनारी बाई, पण तवा तिच्या बी तोंडातून आपली बोली निघाली.

मीनं टेबलाखालून काकूचा पाय दाबला. जोरात.

"दामे, पाय काढ. दुखून राह्यला."

मंग ती मॅडमले म्हणे, "माही भाची अशाच तारीफवर भरवसा ठेवून गाडीत बसली होती. अन बायपासवर उतरली. मी चांगली आहे थे अलग, कोणाची बी लेक माह्या गाडीत बसवा, मी तिले घरात घालून येईन. पण उद्या एखादी माय हे क्लचचं वाचून पोरीले माह्या गाडीत बसवन, तं तिनं खोट्यावरून बसवली ना. मंग मी गाडीतल्या पोरीइले रोज काय शिकवून राह्यली? काढा हे. अन लिहून घ्या, आमच्याच स्टँडवरून लिहेल आहे."

ललितदादा उभा राह्यला. नेहमी छाती काढून चालनारा माणूस, पण आता त्याचा हात मिशीकडे गेला नाही. "माहं नाव लिहा मॅडम. मीनं लिहवले. काकूले काही ठाऊक नव्हतं. आत्ता तुमच्यासमोर समजलं तिले."

मॅडमनं डोक्यातलं पेन काढून त्याचं नाव लिहून घेतलं. मंग म्हणे, "बाहेर बसा. मला वर विचारावं लागेल."

बाहेर एक बाकडं होतं. आमी बसलो. आत मॅडमचा फोनवरचा आवाज येई, शब्द समजत नव्हते. ललितदादा म्हणे, "काकू." काकू बोलली नाही. "काकू, शिव्या तं द्या." काही नाही. ती डब्याचं फडकं मांडीवर घेऊन त्याची घडी करे, उकले, पुन्हा करे. समोरून एक लहान लेकरू मायचं बोट धरून वरतं आलं, काकूनं त्याले बी विचारलं नाही का जेवला का. मले भेव वाटलं. मी कोणाले भेत नाही, पण त्या बाकड्यावर भेली. मनात म्हटलं, हे बाई आता अशीच राह्यली तं बडनेरा स्टेशनचं काय होईन? मले उठून खाली जावंसं वाटे, चार चकरा माराव्याशा वाटे. पण उठली नाही. मीनं एका जागी बसून राह्यलेलं माह्या मायनं बी कधी पाह्यलं नसन.

दार उघडलं. मॅडम रिकामा डबा घेऊन उभी.

"उघडली मावशी," म्हणे. "मी त्यांना सांगितलं, ड्रायव्हरनं स्वतः दाखवलं म्हणून समजलं, नाहीतर कोणालाच समजलं नसतं. पण दोन्हीकडचे खोटे सगळे उडाले. तुमच्या पानावर आता जास्त काही राहत नाही. मधातलेच राहतात. वर नाही दिसणार तुम्ही, खाली जाल. अन या दादांचं खातं बंद, त्यांना आता कोणाबद्दल लिहिता येणार नाही."

"बरंच झालं," काकू म्हणे. डबा हातात घेतला, आत पाह्यलं. "धुतला काहून? जेवण देनाऱ्याचा डबा धुवून देतात का कोणी, परकं केल्यासारखं? अन उद्या घरून डबा आणजा. मायले सांग. माय ऐकत नसन तं मले फोन लाव."

तवा मी बाकड्यावरून उठली. काकू सुरू झाली होती.

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत ललितदादाले जे आयकावं लागलं, थे सारं लिहिलं तं कागद जळन. साऱ्या डब्यानं आयकलं. शेंगावाला पुन्हा भेटला, थोही बसून आयकू लागला. मुर्तिजापूर आलं तवा कुठी काकू मूळ गोठीवर आली.

"अन क्लच मऊ म्हणे! क्लच मऊ! मेकॅनिक परवाच ओरडला ना तुह्यासमोर, का काकू, हा क्लच दगड झाला, बदला? खोटं लिहायचं तं लिहायचं, त्यात बी खोटं?"

ललितदादा खिडकीबाहेर पाहून म्हणे, "मले वाटलं, चांगलं लिहावं."

त्याच्यावर काकू बी हसली. तोंडाले पदर लावून, खांदे हलवत.

लाल पट्टी गेली. पोट्ट्या पुन्हा ट्रेनमंधून हाक मारू लागल्या. नाव खालीच राह्यलं, अजूनही खालीच आहे. वरतं ज्या गाड्या दिसतात त्याइचे तारे चमकतात. ललितदादा त्या पानाकडे पाहून सुस्कारे सोडते. काकूनं क्लच बदलला.

मंग परवाची गोठ. आमी स्टँडवर गिलावडा खाऊन राह्यलो होतो अन काकूचा मोबाईल वाजला. नवा रिव्ह्यू. काकूनं हात पदराले पुसले, चष्मा लावला. तीन तारे होते. तिनं मोठ्यानं वाचला:

'गाडी ठीक. ऑटोवाल्या काकूनी माझ्या आजीला कोणती गोळी घेता विचारलं. नंतर दोघी पंचवटी चौक येईपर्यंत गुडघ्यांवर बोलत होत्या. घर आलं तर आजी उतरायलाच तयार नाही. माझी बस सुटली.'

मीनं म्हटलं, "तीनच देल्ले हलकटानं. कुठी राहते, पाहून येऊ का?"

"चूप." काकूनं थो पुन्हा वाचला. मंग धर्मपालकाकाले फोन लावून वाचून दाखवला. काकाइनं काय म्हटलं थे आयकू आलं नाही, म्हंजे 'बरं' म्हटलं असन. मंग तिनं चष्मा काढला, मोबाईल ललितदादापुढे धरला, अन मूर्तीजवयची लिंबं सरळ करत म्हणे,

"पाह्यलं? हा बसला होता माह्या गाडीत."